राइट बंधूंचं आजोळ

श्रोतेहो, नमस्कार.

विमानाचा शोध कुणी लावला, हे आपल्याकडे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. राइट बंधूंनी. त्यांचे वडील मिल्टन राइट चर्चमध्ये बिशप होते, हेही तुमच्यापैकी काहींच्या वाचनात असेल. आज मी तुम्हाला विल्बर आणि ऑर्व्हिलच्या आजोळी नेणार आहे. आमच्या घरच्या वंशावळीत मुलींची नावंच नाहीत. माझ्या आजीचं नाव तिच्या माहेरच्या कागदात नाही आणि आमच्याही नाही. हे लक्षात आलं तेव्हापासून कुठल्याही घराण्याचा इतिहास हाती आला की मी आधी आजोळ शोधते.

तर जॉन केर्नर, राइट बंधूंच्या आईचे वडील. जर्मनीतल्या श्लाइत्स गावाजवळचा हा तरुण. तिथली राजवट त्याला सोसेना आणि सक्तीच्या लष्करभरतीत अडकायचं नव्हतं. 1818 मध्ये त्यानं घर सोडलं आणि जहाजानं अमेरिकेतल्या बाल्टिमोरला उतरला. गाठीला काय होतं? हातातलं कसब. तो घोडागाड्या, बग्ग्या बनवणारा कारागीर. पुढे व्हर्जिनियात कॅथरिन फ्रायशी त्याचं लग्न झालं आणि 30 एप्रिल 1831 रोजी त्यांना मुलगी झाली. सूझन.

सूझन जेमतेम वर्षाची असताना सगळं बिऱ्हाड पश्चिमेकडे, इंडियाना राज्यातल्या युनियन परगण्यात गेलं. केर्नरनं तिथे शेती उभी केली. हळूहळू शिवारात डझनभर लहानमोठ्या इमारती झाल्या आणि त्यातलीच एक होती गाड्यांची कर्मशाळा. पायानं चालवायचा लेथ तिथे होता. पाय दाबत राहायचं, लाकूड गरगर फिरतं, पटाशी टेकवली की भुसा उडतो आणि चाकाचा आरा आकार घेतो. सूझनचं बालपण या कर्मशाळेच्या सावलीत गेलं. हत्यारं धरायला ती वडिलांकडून शिकली. त्या काळी शेतकऱ्याच्या मुलीला हे कोण शिकवत होतं? मला या बापाचं फार कौतुक वाटतं. एवढंच नाही, त्यानं तिला कॉलेजात पाठवलं. केर्नर कुटुंब ज्या युनायटेड ब्रेदरन पंथाचं होतं, त्याची मुळंही अमेरिकेतल्या जर्मन भाषिकांमध्येच. त्या पंथाच्या हार्ट्सव्हिल कॉलेजात सूझन गेली आणि 1853 मध्ये तिथेच तिची मिल्टनशी ओळख झाली.

मिल्टनला धर्मकार्यासाठी दूर ऑरेगनला जायचं होतं. लग्न करून बरोबर चल, असं त्यानं विचारलं. सूझन म्हणाली, तुम्ही परत आलात की लग्न करू. तो गेला, आला, आणि 24 नोव्हेंबर 1859 ला लग्न झालं.

स्वभावानं ती कमालीची बुजरी. घरच्यांनी जपलेली एक आठवण अशी की, लग्नानंतर ती पहिल्यांदाच वाण्याच्या दुकानात गेली. सामान कुणाच्या नावानं पाठवायचं, असं त्यानं विचारलं आणि घाबरलेल्या सूझनला आपलं नवं आडनावच आठवेना. ही गोष्ट वाचताना लोकांना गंमत वाटते. मला मात्र गलबलून येतं. अठ्ठावीस वर्षं ती केर्नर होती, हो!

त्या घरात मिल्टन ग्रंथांत रमणारे, पण खिळा ठोकायचा म्हटलं तर हात आखडायचा. कशाला काय जोडायचं, हे विचारायला मुलं आईकडेच जायची. तिनं मुलांसाठी खेळणी केली, बर्फावरची घसरगाडी केली, घरात लागणारी बारीकसारीक साधनं स्वतःच्या हातानं बनवली. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलांनी अर्धवट करून टाकलेली कुठलीही वस्तू पायात आली, तर ती फेकून देत नसे. उचलून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवत असे. पोरं परत येतील, तेव्हा ती वस्तू तिथे असायची.

वडिलांच्या कामामुळे बिऱ्हाड सतत हलायचं. डेटन, मग सीडर रॅपिड्स, मग रिचमंड. या रिचमंडच्या घरी, वयात येऊ घातलेल्या या भावांनी एक लेथ बनवला. पायानं चालवायचा! आजोबांच्या कर्मशाळेतली चीज नातवांच्या हाती पोचली होती, आणि मधला दुवा होती त्यांची आई.

1884 मध्ये सगळे डेटनला परतले, पण सूझनला क्षयानं ग्रासलं होतं. पुढे विल्बरही बर्फावरच्या हॉकीत तोंडावर बसलेल्या माराने खचून घरीच होता. त्यानं आईची शुश्रूषा केली. सकाळी तिला उचलून खाली आणायचा, रात्री उचलून जिन्यानं वर न्यायचा. 4 जुलै 1889 रोजी, वयाच्या 58 व्या वर्षी ती गेली. धाकटी लेक कॅथरिन, आजीचंच नाव लाभलेली, तेव्हा पंधराचीही नव्हती.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 17 डिसेंबर 1903, किटी हॉकजवळचं वाळूचं मैदान, 12 सेकंद, 120 फूट, विमानाचं पहिलं उड्डाण. मी मात्र तीन वर्षं मागे जाते. 1900 मध्ये विल्बर पहिल्यांदा त्या किनाऱ्यावर पोचला, तेव्हा हवी तेवढी लांब लाकडं न मिळाल्यानं ग्लायडरचे, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचे, पंख आखूड करावे लागले. मग कापडही बेतून पुन्हा शिवायला हवं. तो ज्यांच्याकडे उतरला होता, त्या टेट बाईंचं शिवणयंत्र त्यानं मागून घेतलं, अंगणात मांडलं, आणि सूझन केर्नरचा मुलगा पंखांच्या कापडावर टीप मारत बसला.

नमस्कार.