मुलाला प्रौढ ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

मित्रहो, १७ वर्षांच्या मुलाने इलिनॉय राज्यात चोरी केली, तर त्याचं प्रकरण बालन्यायालयात जातं. तोच मुलगा शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये गेला आणि तिथे तशीच चोरी केली, तर तो थेट मोठ्यांच्या कोर्टात उभा राहतो. अमेरिकेत फौजदारी कायदे बहुतांशी ज्या त्या राज्याचे असतात, म्हणून हा फरक. आपल्याकडे अल्पवयीन गुन्हेगारांची चर्चा पेटली की कुणीतरी ‘अमेरिकेत बघा’ म्हणतंच. कुठल्या राज्यात बघायचं आणि कुठल्या साली, हे मात्र कुणी सांगत नाही. आज तेच बघू.

सुरुवात इलिनॉयचीच. १८९९ साली तिथे कायदा झाला आणि शिकागोत अमेरिकेतलं पहिलं स्वतंत्र बालन्यायालय उभं राहिलं. मुलाला शिक्षा करायची नाही, त्याला सावरायचं. न्यायाधीशाने पालकासारखं वागायचं, असा त्यामागचा विचार. पुढच्या पाव शतकात जवळजवळ सगळ्या राज्यांनी तो उचलला. हेतू चांगलाच होता. पण पालकच म्हटल्यावर वकील कशाला, नोटीस कशाला, साक्षीपुरावा तरी कशाला, अशी पद्धत पडत गेली. १९६४ साली ॲरिझोनात १५ वर्षांच्या एका मुलाला पोलिसांनी उचललं. शेजारणीला फोन करून अश्लील बोलल्याची तक्रार होती. ती बाई कोर्टात एकदाही आली नाही. मुलाला वकील नव्हता, सुनावणीची नोंदही ठेवली गेली नाही. एवढ्यावर त्याला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात धाडलं. मोठ्या माणसाला याच गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद होती! १९६७ साली याच मुलाच्या, म्हणजे गॉल्टच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मुलांनाही नोटीस, वकील आणि साक्षीदाराची उलटतपासणी हे हक्क आहेत. माझ्या दृष्टीने या सबंध इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निकाल. दयेच्या नावाखालीही मुलावर अन्याय होऊ शकतो, हे त्याने कागदावर आणलं.

यानंतर वारं फिरलं. १९७८ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १५ वर्षांच्या मुलाने दोघांचे खून केले. त्या वेळच्या कायद्यात त्याला जास्तीत जास्त पाच वर्षं ठेवता येत होतं. लोक खवळले आणि ते साहजिकच होतं. गव्हर्नर निवडणुकीला सामोरे जात होते. काही आठवड्यांत नवा कायदा झाला: खुनासाठी १३ वर्षांच्या आणि इतर काही गंभीर गुन्ह्यांसाठी १४ वर्षांच्या मुलाचाही खटला मोठ्यांच्या कोर्टात. एका मुलाच्या गुन्ह्यावर बेतलेला कायदा राज्यातल्या सगळ्या मुलांना लागू झाला.

नव्वदच्या दशकात हेच देशभर घडलं. १९९५ साली राज्यशास्त्राचे एक प्राध्यापक, जॉन डिलुलियो, यांनी निर्दय मुलांची एक पिढीच येऊ घातली आहे असं भाकीत केलं. वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं. त्या दशकात ४० हून जास्त राज्यांनी मुलांना मोठ्यांच्या कोर्टात पाठवणं सोपं केलं. आणि मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतली अटक? तिने १९९४ सालीच शिखर गाठलं होतं, त्यानंतर ती उतरत गेली. कायदे होत होते आणि गुन्हे घटत होते. ती पिढी आलीच नाही. पुढे खुद्द डिलुलियो यांनीही सर्वोच्च न्यायालयापुढच्या एका निवेदनावर सही करून भाकीत चुकल्याचं मान्य केलं. तोवर हजारो मुलं मोठ्यांच्या तुरुंगांत गेली होती.

आता माझा खरा मुद्दा. आपण वयावर भांडतो, १६ की १८. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की मुलाला प्रौढ ठरवणार कोण? जुन्या पद्धतीत न्यायाधीश ठरवायचा, मुलाचं म्हणणं ऐकून. नव्वदच्या दशकात अनेक राज्यांनी हे काम त्याच्याकडून काढून घेतलं. काही ठिकाणी विधिमंडळाने गुन्ह्यांची यादीच केली; यादीत गुन्हा असला की मुलगा आपोआप प्रौढ. फ्लोरिडासारख्या राज्यांत तो निर्णय सरकारी वकिलाकडे गेला. ज्याचं काम आरोप सिद्ध करण्याचं, त्यानेच खटला कुठे चालवायचा हेही ठरवायचं, आणि त्यावर सुनावणी नाही. हे मला कधीच पटलेलं नाही. कॅलिफोर्नियात २००० साली ६२ टक्के मतदारांनी सरकारी वकिलाला हा अधिकार दिला आणि २०१६ साली ६४ टक्के मतदारांनीच तो काढून पुन्हा न्यायाधीशाकडे सोपवला.

मधल्या काळात बरंच घडलं होतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने १८ च्या आतल्या गुन्ह्याला फाशी बंद केली; २०१२ साली अल्पवयीनांना सक्तीची, सुटकेची आशा नसलेली जन्मठेप बंद केली. मोठ्यांच्या कोर्टात पाठवलेली मुलं पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण कमी होत नाही, उलट वाढतं, असा निष्कर्ष २००७ साली सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी मांडला. कनेक्टिकटने त्याच वर्षी कायदा करून बालन्यायालयाची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने १८ वर नेली. बालन्यायालयं कोलमडतील अशी भीती घातली गेली होती. तसं काही झालं नाही. न्यूयॉर्क आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनी २०१७ साली तसेच कायदे केले.

पण २०२४ साली लुईझियानाने विशेष अधिवेशन बोलावून मर्यादा पुन्हा १७ वर आणली, म्हणजे १७ वर्षांचा मुलगा पुन्हा मोठ्यांच्या कोर्टात. आठ वर्षांपूर्वी याच राज्याने ती वाढवली होती. नॉर्थ कॅरोलायनानेही त्याच वर्षी गंभीर गुन्ह्यांतल्या १६-१७ वर्षांच्या मुलांना पुन्हा मोठ्यांच्या कोर्टाकडे वळवलं.

त्याच वर्षी, मे महिन्यात, पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. लोकांचा संताप मी समजू शकतो. त्या दोन घरांचं दुःख कुठल्याही युक्तिवादाने कमी होणार नाही. मुलाला प्रौढ समजून खटला चालवा हा पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळाने २०२५ साली फेटाळला, तेव्हा पुन्हा ओरड झाली. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५ बारकाईने वाचा. निर्घृण गुन्हा असेल आणि मुलगा १६ ते १८ चा असेल, तर त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती मंडळ तपासतं. मंडळाने प्रकरण पुढे पाठवलं तरी बालन्यायालयाला (आपल्याकडे हे असे खटले चालवणारं, सत्र न्यायालयाच्या दर्जाचं कोर्ट) त्यावर पुन्हा विचार करावा लागतो. ही तपासणी वरवरची नको, मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं आहे. म्हणजे आपल्याकडे हा निर्णय अजून तरी सुनावणीनंतरच होतो. उद्या एखाद्या दुरुस्ती विधेयकात गुन्ह्यांची यादी आली, किंवा तो निर्णय सरकारी वकिलाकडे द्यायची सूचना आली, तर वयाचा आकडा काहीही असो, मी तिला विरोध करेन.