होनिंगनंतरची धुलाई

(पडद्यावर: लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला चार सिलिंडरचा रिकामा ब्लॉक)

या ब्लॉकचं मशीनवरचं काम नुकतंच संपलंय. चारही बोअर, म्हणजे पिस्टन ज्यांत वर-खाली होतात ती भोकं, होनिंग करून, म्हणजे दगडांनी आतून घासून मापात आणलेत, वरचा माथा सपाट केलाय. उजेड पडला की आतून लखलखतो. बघणाऱ्याला वाटेल, आता पिस्टन टाकायचे आणि इंजिन बांधायला घ्यायचं. पण गाडीतून उतरवला तेव्हा हा ब्लॉक जितका घातक नव्हता, तितका तो आत्ता आहे.

तेव्हा त्यात काजळी होती, जळक्या तेलाचा चिकट गाळ होता. ती घाण डोळ्यांना दिसते आणि बरीचशी मऊ असते. आता आत आहे ती होनिंगच्या दगडांची झडलेली पूड आणि तिच्यात मिसळलेला बिडाचा कीस. या दगडांत बहुधा सिलिकॉन कार्बाइड असतं, म्हणजे काळ्या पॉलिश पेपरवर असतं तेच. इंजिन खोलल्यावर जुनी घाण सगळेच काढतात. नव्याने बांधलेलं इंजिन खाते ती आपणच केलेली ही नवी घाण.

(पडद्यावर: बोअरच्या भिंतीवरच्या तिरक्या रेघा, अगदी जवळून)

या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा मुद्दाम पाडलेल्या आहेत. त्यांच्यात तेल धरून राहतं आणि त्यांच्यामुळेच पिस्टनवरच्या नव्या रिंगा भिंतीशी जुळून येतात. पूडही नेमकी याच रेघांत दडते. सवयीने हात रॉकेलच्या डब्याकडे जातो. रॉकेलने ओशटपणा जातो, पण पूड बऱ्याच अंशी रेघांच्या तळाशी तशीच राहते. तिला उचलायला लागतं साबणाचं कडकडीत पाणी आणि ताठ केसांचा ब्रश. इतक्या महागड्या यंत्रसामग्रीनंतर बादलीभर साबणाचं पाणी कुणाला पटत नाही, पण यापेक्षा चांगला उपाय मी तरी पाहिलेला नाही.

ब्रश वर-खाली आणि गोल फिरतो. फेस आधी काळा येतो, मग करडा, मग पांढरा. इथे थांबायचं नाही. पांढरं सुती फडकं पातळ तेलात भिजवून बोअरमधून दाबून फिरवायचं.

(पडद्यावर: बाहेर आलेलं फडकं)

चार बोटांचे चार करडे पट्टे. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या भिंतीवरून हे आलेत. पुन्हा साबण, पुन्हा ब्रश, पुन्हा नवं फडकं. आत गेलं तसंच पांढरं बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवायचं. कधी तीन फेऱ्यांत भागतं, कधी आठ लागतात.

आणि मग मात्र घाई. गरम पाण्यातून निघालेलं उघडं बीड काही मिनिटांत तांबूस पडायला लागतं. हवा मारून वाळवायचं आणि लगेच तेलाचा हात फिरवायचा.

(पडद्यावर: तळहातावर बेअरिंगचा जुना शेल)

एवढ्या बारीक पुडीची एवढी धास्ती का, ते या शेलवर, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पाकळीवर दिसतं. पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा म्हणजे क्रँक, आणि बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गुळगुळीत भाग म्हणजे जर्नल. जर्नल आणि बेअरिंग यांच्यातली फट बऱ्याच गाड्यांत ०.०२५ ते ०.०७५ मिलिमीटर असते, म्हणजे फार तर माणसाच्या एका केसाएवढी. इंजिन चालू असताना भार पडलेल्या बाजूला तेलाचा पदर त्याहून कितीतरी पातळ, काही मायक्रॉनचाच उरतो. बेअरिंगचं अस्तर मऊ ठेवलेलं असतं ते याचसाठी. आयझॅक बॅबिट यांनी मऊ अस्तराच्या बेअरिंगचं पेटंट १८३९ मध्ये घेतलं. एखादा कण आलाच, तर तो मऊ धातूत रुतून बसतो आणि जर्नल वाचतं. पण ही सोय एखाददुसऱ्या कणासाठी आहे. या शेलवर ठिपक्यांसारखं जे दिसतंय ते सगळे रुतलेले कण आहेत. अर्धे आत, अर्धे बाहेर. या बेअरिंगची कानस झाली आणि तिने क्रँक खरवडला.

शेलची पाठही पाहा. तिच्यावर एकच बारीक उंचवटा उठलाय. बसवताना पाठीमागे एक कण राहिला होता. तिथे शेल पुढे रेटला गेला, फट बुजली आणि समोरची बाजू जळून काळी पडली. म्हणून शेलची पाठ आणि तिची बैठक दोन्ही कोरडी, निर्मळ हवीत. तेल फक्त जर्नलच्या बाजूला.

(पडद्यावर: ब्लॉकच्या टोकाचं पितळी बूच निघतं)

तेलाच्या वाहिन्या पाडताना ब्लॉकला लांब छिद्रं पाडतात आणि टोकं बुचांनी बंद करतात. बुचं न काढता हवा मारली, तर ती मोकळ्या वाटेने निघून जाते आणि बंद टोकाचा गाळ जागच्या जागी राहतो. बुचं हट्टी असतात. गरम करावी लागतात, प्रसंगी ड्रिल करून काढावी लागतात. तरी काढायचीच, एकूण एक. मग बारीक लांब ब्रश आरपार घालायचा. जुन्या इंजिनांत हे जास्तच गरजेचं, कारण मळ तरंगत ठेवणारी द्रव्यं त्या काळच्या साध्या तेलांत नसत आणि बऱ्याच इंजिनांत तेलाचा थोडाच भाग फिल्टरमधून जाई. बाकीचा मळ कुठेतरी बसणारच. क्रँकच्या आतल्या वाहिन्यांत तर तो फिरण्याच्या जोराने दाबून बसतो. काही जुन्या क्रँकना गाळ साठावा म्हणून मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असत. त्या न उघडता क्रँक परत बसवणं म्हणजे जुना गाळ नव्या बेअरिंगला वाढून ठेवणं.

काचेच्या मण्यांच्या ब्लास्टिंगने, म्हणजे हवेच्या जोराने बारीक मणी मारून, भाग नव्यासारखे दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: तेल जिथे जातं, त्या बाजूला ते करूच नये. रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, आतल्या पत्र्यामागे अडकलेले मणी दहा वेळा धुऊनही अकराव्यांदा निघतात. ॲल्युमिनियमचे पिस्टन आणि हेड (ब्लॉकच्या माथ्यावर बसणारा भाग) कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकू नयेत, तो धातू त्यात विरघळतो.

पिस्टनच्या माथ्यावरची ही करडी-पांढरी पूड नुसती राख समजू नका. शिशाच्या पेट्रोलवर चाललेल्या इंजिनांत तिच्यात शिसं असतं, आणि जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं खरवडायचं नाही, वायर ब्रश मशीनवर लावायचा नाही. ओलं करून, हातमोजे आणि योग्य मास्क घालूनच हात लावायचा.

(पडद्यावर: हेडच्या बोल्टचं बंद तळाचं भोक, त्यात टॉर्चचा उजेड)

धुऊन झाल्यावर सगळ्यात जास्त विसरली जाते ती ही जागा. तळ बंद असलेल्या भोकात पाणी किंवा तेल साचलं आणि वरून बोल्ट आवळला, तर द्रव दाबला जात नाही. जोर भिंतीवर येतो आणि ब्लॉकला चीर जाते. चीर गेली नाही, तरी आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क रेंच खोटा आकडा दाखवतो आणि हेड सैल राहतं. हवा मारायची, आटे साफ करायचे, पुन्हा हवा मारायची आणि तळ कोरडा दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

शेवटच्या पुसणीला धागे सुटणारं फडकं नको. ते धागे तेलाच्या जाळीवर जाऊन बसतात. धुतलेला भाग टेबलावर उघडा ठेवून जेवायला जायचं नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं.

(पडद्यावर: बांधलेलं इंजिन, ऑइल पंप ड्रिलने फिरतोय, रॉकरजवळ तेल पाझरतं)

इंजिन सुरू करण्याआधीच तेल वरपर्यंत पोचलं. मग पहिली स्टार्ट, थोडा वेळ चालवणं आणि तेल गरम असतानाच काढून टाकणं. निघालेला फिल्टर कापायचा, कागदाच्या घड्या सोडवायच्या आणि खिडकीशी धरायच्या.

(पडद्यावर: उजेडात धरलेला फिल्टरचा कागद)

थोडी बारीक चमक आहे, ती नव्या रिंगांची. कागद दोन बोटांत चोळला. कुठेही कचकच लागली नाही.