शिसपेन्सिलीने लिहिलेला अर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतले खटले आणि तिथले नागरी हक्क या विषयावर पुस्तकांना तोटा नाही. शाळांमधली काळ्या-गोऱ्यांची ताटातूट घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा ब्राउन खटला घ्या. त्याच्यावरचं रिचर्ड क्लुगर यांचं ‘सिंपल जस्टिस’ उशाला घेऊन झोपावं इतकं जाड आहे. सवड काढून वाचावं असंच आहे ते. पण आज मी बोलणार आहे त्या मानाने एका बारक्या पुस्तकाबद्दल. यात ना कुणी पुढारी, ना मोर्चे. यातला नायक आहे पन्नाशीचा, अनेकदा तुरुंगाची हवा खाऊन आलेला एक गोरा भुरटा माणूस. नाव क्लॅरेन्स अर्ल गिडियन.

पुस्तकाचं नाव ‘गिडियन्स ट्रम्पेट’, म्हणजे गिडियनची तुतारी. बायबलमधल्या गिडियनने तीनशे माणसं आणि तुताऱ्या घेऊन भल्यामोठ्या फौजेची दाणादाण उडवली होती, त्या गोष्टीची आठवण या नावात आहे. लेखक अँथनी लुईस हे न्यूयॉर्क टाइम्ससाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचं वार्तांकन करत. पुस्तक आलं १९६४ साली.

तर झालं असं. जून १९६१. फ्लोरिडातलं पनामा सिटी नावाचं गाव. तिथला एक पूलरूम, म्हणजे बिलियर्डसारखा खेळ खेळायचा अड्डा, पहाटे फोडला गेला. चोरी काय झाली? सिगारेटच्या यंत्रातली चिल्लर आणि थोडी दारू. एका साक्षीदाराने सांगितलं, मी गिडियनला आत पाहिलं. झालं, गिडियन आत.

ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला तेव्हा गिडियन न्यायाधीशांना म्हणाला, माझ्याकडे वकील करायला पैसे नाहीत, कोर्टाने मला वकील द्यावा. न्यायाधीश म्हणाले, देता येत नाही; या राज्यात फाशीची शिक्षा होऊ शकेल अशाच गुन्ह्यात कोर्ट वकील देतं. न्यायाधीश काही दुष्ट नव्हते, कायदाच तसा होता. १९३२ साली अलाबामातल्या स्कॉट्सबरोच्या काळ्या मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देहदंडाच्या आरोपींना वकिलाचा हक्क दिला. दहा वर्षांनी बेट्स खटल्यात मात्र त्याच न्यायालयाने सांगितलं की इतर गुन्ह्यांत राज्यांवर तशी सक्ती नाही, काही खास अडचण असेल तरच वकील द्यावा. म्हणजे आरोपी अडाणी आहे की नाही, वेडसर आहे की नाही, हे आधी ठरवायचं, मग वकिलाचं बघायचं!

गिडियनने स्वतःच स्वतःची वकिली केली. साक्षीदारांना प्रश्न विचारले, स्वतःचे साक्षीदार आणले, ज्युरीपुढे भाषणही केलं. पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात बसून त्याने शिसपेन्सिलीने, रेघांच्या कागदावर, चुकांनी भरलेल्या इंग्रजीत अर्ज लिहिला आणि थेट वॉशिंग्टनला धाडला. ८ जानेवारी १९६२च्या सकाळी तो सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यालयात पोचला.

मला या पुस्तकातला सगळ्यात आवडलेला भाग इथून पुढचा आहे. लुईस आपल्याला न्यायमूर्तींच्या आधी कारकुनांच्या खोलीत नेतात. गरीब कैद्यांचे असे अर्ज तिथे ढिगाने येतात, बहुतेक फेटाळले जातात. एकेक कागद कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर सरकतो, कुठला नंबर पडतो, कोण काय तपासतं, हे ते असं सांगतात की आपल्याला तालुक्याच्या कोर्टातल्या बाकावर बसल्यासारखं वाटतं. कायद्याची पुस्तकं सहसा निकालापासून सुरू होतात. हे टपालापासून होतं.

अर्ज दाखल करून घेतला गेला. न्यायालयाने गिडियनसाठी वकील नेमला एब फोर्टास यांना, वॉशिंग्टनमधल्या नामांकित वकिलांपैकी एक. (पुढे ते त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि वादात सापडून पायउतारही झाले, पण ती गोष्ट वेगळी.) फोर्टास यांनी युक्तिवादात एक भारी दाखला दिला. क्लॅरेन्स डॅरो म्हणजे अमेरिकेतला फौजदारी वकिलीतला दादा माणूस. पण त्याच्यावरच खटला झाला तेव्हा त्याने पहिली गोष्ट काय केली? स्वतःसाठी वकील केला!

फ्लोरिडाच्या बाजूने एक तरुण सरकारी वकील होता. त्याने इतर राज्यांना पत्रं लिहून पाठिंबा मागितला. घडलं उलटंच. मिनेसोटाचे महाधिवक्ता वॉल्टर माँडेल, जे पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्यासह बावीस राज्यांनी गिडियनची बाजू उचलून धरली. फ्लोरिडाच्या पाठीशी फक्त दोन राज्यं उरली. पाठिंबा मागायला जावं आणि समोरच्याची फौज वाढवून यावं, असा प्रकार.

१८ मार्च १९६३ रोजी निकाल लागला, एकमताने. लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. हेच ब्लॅक १९४२च्या बेट्स खटल्यात अल्पमतात होते. एकवीस वर्षांनी त्यांना स्वतःचंच म्हणणं न्यायालयाचं म्हणून लिहायला मिळालं. फौजदारी कोर्टात वकील ही चैन नव्हे, गरज आहे, असं त्यांनी त्यात म्हटलं.

पण गिडियन सुटला नव्हता बरं का. खटला पुन्हा चालायचा होता. तेच गाव, तेच न्यायाधीश. फरक एकच, शेजारी फ्रेड टर्नर नावाचा स्थानिक वकील. पहिल्या वेळी एका टॅक्सीवाल्याने सांगितलं होतं की गिडियन त्या पहाटे टॅक्सीत बसला आणि म्हणाला, मला कुठून घेतलंस ते कुणाला सांगू नकोस. केवढा संशय येतो पाहा! गिडियनला तेव्हा पुढचा प्रश्न सुचलाच नाही. टर्नरने उलटतपासणीत तो विचारला: असं तो आधीही कधी म्हणायचा? टॅक्सीवाला म्हणाला, हो, दरवेळी म्हणायचा. का बरं? बायकोशी त्याचं पटत नव्हतं ना!

मुख्य साक्षीदारालाही टर्नरने असं घेरलं की खऱ्या चोरांसाठी हाच पहाटे बाहेर पहाऱ्याला उभा नव्हता कशावरून, अशी शंका ज्युरीच्या मनात यावी. तासाभरात ज्युरीने गिडियनला निर्दोष सोडलं. वकील काय करतो, या प्रश्नाचं उत्तर मला घटनेच्या कलमांपेक्षा त्या टॅक्सीवाल्याच्या साक्षीत जास्त सापडतं.

फ्लोरिडाने त्याच वर्षी सरकारी खर्चाने बचाव वकील देण्याची व्यवस्था केली. मात्र लुईस यांनी पुढे, २००३ साली, कबूल केलं की ही तुतारी बऱ्याच ठिकाणी दबून गेलीय. वकील मिळतो, पण त्याच्या डोक्यावर खटल्यांचा एवढा बोजा असतो की अशिलाशी धड बोलणंही होत नाही. आपल्याकडच्या कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्यांना यात फारसं नवल वाटणार नाही.

आपल्याकडचा एक खटला इथे आठवतो. १९७८चा, हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र सरकार. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपल्या हाती पडायला कित्येक वर्षं लागली, अशी आरोपीची तक्रार होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवलं की कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि मोफत मिळाली पाहिजे, आणि गरीब असेल तर अपिलासाठी वकीलही सरकारने द्यायला हवा. हक्क नोंदला गेला. त्या आरोपीची स्वतःची याचिका मात्र फेटाळली गेली.