हणजूणचा बुधवार

आत्ता दिसतोय तो गोव्यातल्या हणजूणचा बुधवारचा बाजार. पाटीवर अंजुना लिहिलंय, गावात अजून हणजूणच म्हणतात. आरसेकामाच्या चादरी पसरून बसल्यात त्या लमाणी बायका. पण 1975 च्या आसपास हा बाजार सुरू झाला ना, तेव्हा विकायला बसायचे गोरे हिप्पी. जवळचे पैसे संपले की जीन्स, कॅमेरा, टेपरेकॉर्डर, जे असेल ते वाळूत मांडायचं आणि अजून थोडे दिवस राहायची सोय करायची, बस.

आता हा नकाशा बघा, हे हिप्पी कुठून कसे यायचे त्याचा. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली, मिळेल त्या बसने, आणि मग मुंबई. पुढचा टप्पा आम्हाला सगळ्यात भारी वाटतो, कारण तो आपला आहे. भाऊचा धक्का! इथून पणजीची बोट सुटायची, रात्र डेकवरच काढायची, एकीकडे आपले चाकरमानी, ट्रंका, वळकट्या, कुणाला बोट लागलेली, पोरं रडतायत, आणि त्यांच्याच शेजारी हे झिपरे, अनवाणी, गिटार घेऊन. कोकणातल्या किती म्हाताऱ्यांनी आयुष्यातला पहिला गोरा माणूस असा जवळून बघितला असेल, कुणी मोजलंय? 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात घुसलं, आणि नकाशावरची ती लाल रेघ तुटली.

या फोटोतला दाढीवाला म्हणजे एट फिंगर एडी. दोन्ही हातांची मिळून बोटं आठ, म्हणून हे नाव. आर्मेनियन वंशाचा अमेरिकन, येईल त्याला जेवायला घालायचा, हा बाजार सुरू केल्याचं श्रेयही त्यालाच देतात. 2010 मध्ये गोव्यातच गेला. पण राहायला खोल्या दिल्या त्या हणजूणच्या लोकांनी, त्यांचे फोटो कुणी काढलेच नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल याच किनाऱ्यावर रात्र रात्र टेपवर म्युझिक वाजवायचा, त्यातून गोवा ट्रान्स हे नाचायचं इलेक्ट्रॉनिक म्युझिक घडलं आणि पार इस्रायल, जर्मनी, जपानपर्यंत पोचलं. ड्रग्ज, 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा, चार्टर विमानं, जमिनीचे भाव, हे सगळंही मागोमाग आलंच.

(लाटांचा आवाज वर)

संध्याकाळ झालीये. चादरींच्या घड्या पडतायत. तिकडे कोपऱ्यात ती लमाणी मावशी एका रशियन पोरीशी अजून घासाघीस करतेय, इंग्लिशमध्ये, आणि बघा, पैसे क्यूआर कोडवर घेतेय.