पाचव्या पायाची वळणदार कडा

काचेच्या बशीत झटके देत पोहणारा हा जीव पाहा. तांदळाच्या कणीएवढा, लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. कोळंबीच्याच गोतातला, पण जवळ्याहूनही बारीक. हा कोपेपॉड, नाव कॅलॅनस फिनमार्किकस. उत्तर अटलांटिकमधले हेरिंग मासे याच्यावर पोसतात आणि अजस्र राइट व्हेलसुद्धा.

१७७० साली त्याचं बारसं केलं एका बिशपनं, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे योहान अर्न्स्ट गुन्नेरुस यांनी. नाव ठेवलं मोनोक्युलस फिनमार्किकस, म्हणजे फिनमार्कचा एकडोळ्या. फिनमार्क हे नॉर्वेचं उत्तर टोक. पुढे नावातला पहिला शब्द, म्हणजे प्रजातीचं नाव, बदलून कॅलॅनस झालं. असा बदल झाला की मूळ नाव देणाऱ्याला कंसात लिहायची रीत आहे, म्हणून या जीवाच्या नावापुढे गुन्नेरुस यांचं नाव आजही कंसात लिहितात.

गुंता झाला तो १८६३ नंतर. त्या वर्षी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांनी आणखी एका जातीचं वर्णन केलं, तिला उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावरून नाव पडलं हेल्गोलँडिकस. दोघी इतक्या सारख्या की अनेकांनी एकच मानल्या. खरा फरक पाचव्या पायात! त्याच्या बुडाशी आतल्या बाजूला दातेरी कडा असते. फिनमार्किकसमध्ये ती जवळपास सरळ, हेल्गोलँडिकसमध्ये आत वळलेली. सूक्ष्मदर्शकाखाली, सुईनं पाय उलगडून, एकेक नमुना असा पाहावा लागतो. मला या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं.

कारण एकीचं घर थंड पाण्यात, दुसरीचं उबदार. नाव चुकलं की नकाशाही चुकतो. १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांचं यंत्र ओढलं जाऊ लागलं. त्यातली रेशमी पट्टी वाटेतलं प्लवक, म्हणजे पाण्यासोबत वाहणारे बारीक जीव, गाळून घेते. पण या मोजणीत दोन्ही जाती वेगळ्या नोंदल्या गेल्या त्या १९५८ पासून. आणि तेव्हापासूनच्या आकड्यांतून दिसलं की उत्तर समुद्रात थंड पाण्याची फिनमार्किकस घटत गेली, हेल्गोलँडिकस वाढत गेली. कॉड माशाच्या पिल्लांना वसंतात हवी असते पहिली. दुसरीचा हंगाम उन्हाळा सरता सरता येतो, तोवर पिल्लांची वेळ टळलेली असते.

मग डीएनए तपासणी आली. नॉर्वेच्या फियॉर्डांतल्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांतल्या, कॅलॅनसमध्ये तिसरीच जात सापडली, ग्लेसिअ‍ॅलिस. ही आर्क्टिकची, १९५५ साली याश्नोव्ह यांनी वेगळी केलेली. २०१७ च्या अभ्यासात ती तिथल्या कितीतरी फियॉर्डांत निघाली, तीही दक्षिणेपर्यंत. आता जुन्या नोंदींपुढे पुन्हा तोच प्रश्न आहे: त्या दिवशी जाळ्यात आलेली कणी नक्की कोणाची होती?