गॅलरी कॉम्प्युटरची, आजी हाताची

मंडळी, नमस्कार. दादरमध्ये बोलते आहे, तेव्हा सुरुवात फाळक्यांपासूनच करते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्याच्या आधी दादासाहेबांनी एक छोटीशी फीत केली होती. कुंडीत वाटाणा उगवतो आणि त्याचं रोप होतं, एवढंच तिच्यात आहे. रोज थोडं थोडं, एकेक फ्रेम घेत चित्रण केलेलं. भांडवल उभं करायला ती फीत उपयोगी पडली, हे सगळे सांगतात. मला तिच्यात कामाची वाटणी दिसते. मोजणी कॅमेऱ्याची, वाढ रोपाची. माझ्या अ‍ॅनिमेशन फिल्ममध्ये हीच वाटणी जमवण्यात माझी तीन वर्षं गेली.

फिल्म माझ्या आजीची आहे. गिरगावातल्या चाळीत पहाटे पाणी यायचं. नळ गॅलरीच्या एका टोकाला, आमची खोली दुसऱ्या टोकाला. कमरेवर कळशी घेऊन आजी ती अख्खी गॅलरी चालत यायची. मी दिवसभर थ्रीडीचं काम करते, दुसऱ्यांच्या मालिकांसाठी. रात्री जेवणं उरकली की ओट्यावर लाइट बॉक्स, म्हणजे खालून उजेड देणारी काचेची पेटी, मांडायचा आणि कागदावर आजीची चित्रं काढायची.

गॅलरी मात्र मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बांधली. लाकडी कठड्याचे गज एकसारखे, दारं एकसारखी. कॅमेरा पुढे सरकला की प्रत्येक गजाचा कोन बदलणार, आणि ते हाताने काढत बसले असते तर आजीपर्यंत पोचलेच नसते. जे पुन्हा पुन्हा तसंच येतं ते कॉम्प्युटरला द्यावं, या मताची मी आहे.

पहिल्यांदा दोन्ही एकत्र केलं आणि मला रडू यायचं बाकी होतं. आजी फरशीवरून घसरत होती. आता हे नीट समजून घ्या, कारण हे काम करणारा प्रत्येक जण इथे अडकतो. सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढताना आपण बहुतेक वेळा ‘टूजवर’ काढतो. म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकतं, सेकंदाला १२ चित्रं. कॉम्प्युटरचा कॅमेरा मात्र प्रत्येक फ्रेमला हलतो. त्यामुळे दुसऱ्या फ्रेमला फरशी पुढे जाते आणि आजीचं पाऊल जागच्या जागी राहतं. दर सेकंदाला बारा वेळा पाय सुटतो. डोळ्याला कारण कळत नाही, पण बाईच्या अंगात वजन नाही हे लगेच कळतं. आणि भरलेली कळशी घेतलेल्या बाईच्या अंगात वजन नसेल, तर त्या फिल्ममध्ये राहिलं काय?

कॅमेराही टूजवर करून पाहिला. सगळी चाळच धक्के खायला लागली. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढावं म्हटलं, तर आठ सेकंदांच्या एका शॉटला १९२ चित्रं. शेवटी गॅलरीची एक आड एक फ्रेम कागदावर छापली. ९६ कागद. त्यांना पेगबारची, म्हणजे कागद एकाच जागी धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीची, भोकं पाडली, लाइट बॉक्सवर एकेक ठेवला आणि छापलेल्या फरशीवर आजीचं पाऊल टेकवून आजी काढली. मग ती चित्रं स्कॅन करून परत ब्लेंडरच्या गॅलरीत नेली आणि प्रत्येक चित्र, जिथे पाऊल पडलंय नेमकं तिथे, पारदर्शक फळीसारखं उभं केलं. आता चित्र दोन फ्रेम टिकलं तरी ते फरशीला धरून राहतं. कॅमेरा तिच्याभोवती फिरवाल तर फळी उघडी पडेल, म्हणून मी फिरवत नाही. आजी दारासमोरून जाते आणि आपण पलीकडच्या गॅलरीतून बघतो. तशीही मी तिला तिथूनच बघायचे.

रेषेचं दुखणं निराळं. हाताची रेष प्रत्येक चित्रात किंचित हलते, ती जिवंत वाटते. तिच्याशेजारी कॉम्प्युटरचा गज मेल्यासारखा स्थिर. १९९९ च्या ‘द आयर्न जायंट’मध्ये तो लोखंडी राक्षस कॉम्प्युटरवर केला होता, बाकीची माणसं हाताने. तेव्हा त्याच्या रेषा थोड्या थरथराव्यात म्हणून खास प्रोग्रॅम लिहिला होता. मीही गजांना थरथर दिली, पण तीही टूजवरच, आजीच्या तालात. प्रत्येक फ्रेमला दिली तेव्हा गजांना मुंग्या लागल्यासारखं दिसत होतं.

पेडर रोडला सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून युनिट सुरू झालं. डिस्नेचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले होते. त्या पिढीने कागदावर वजन आणि ताल शिकून घेतला. सॉफ्टवेअर शिकायला आलेल्या मुलांना मी आधी चालणारी एक व्यक्ती कागदावर काढायला लावते, ती याच ओढीने. पाऊल टेकताना गुडघा किती वाकतो हे बटण दाबून कळत नाही.

आता कळशी. पितळेची, गोल, चकचकीत. तीसुद्धा मी आधी कॉम्प्युटरलाच दिली होती, आणि कळशी सुंदर आली. पण आजीचा हात तिच्या गळ्याभोवती बसेना. कळशी कुठल्या तरी दुकानातली वाटायची. आजीच्या कळशीला एका बाजूला पोचा होता आणि तो पोचा बरोबर कमरेला लागायचा. मी ती कळशी मोडून हाताने काढली, ९६ वेळा. विसाव्या चित्राच्या आसपास आजी आपोआप डावीकडे झुकायला लागली. मी ठरवलं नव्हतं. कळशीचं ओझं हाताला कळलं आणि हाताने पाठीचा कणा वाकवला. त्या रात्री मी उशिरापर्यंत एकटीच तो शॉट पुन्हा पुन्हा बघत बसले होते.

कळशीतलं पाणी मात्र अजून बाकी आहे. कॉम्प्युटरचं पाणी फार खरं दिसतं, आजीच्या पेन्सिलच्या चेहऱ्यापुढे ते उपरं वाटतं. माझ्या हाताचं पाणी अजून जड होतं, पिठल्यासारखं हलतं. आज तोच शॉट आणलाय, दोन्ही पाण्यांसकट. मागच्या रांगेतला दिवा तेवढा घालवा, म्हणजे पेन्सिल नीट दिसेल.