दारामागचा स्टिकर : जुन्या गाडीला टायर कोणता?

[दृश्य : सोलापूर, पुणे नाक्याची बाजू. टायरच्या दुकानाचं शटर वर जातं. कॉम्प्रेसर सुरू होतो.]

निवेदन :

सोलापुरात येणारी जुनी गाडी कधी पुण्याहून येते, कधी हैदराबादहून. घरी येते तेव्हा पॉलिश मारलेली असते, सीट कव्हर नवं असतं, टायरवर काळाकुळकुळीत रंग चढवलेला असतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. आणि मग पंधरा-वीस दिवसांत ती गाडी अशा एखाद्या दुकानासमोर येऊन उभी राहते.

आज उभी आहे ती डिझेलवरची सेडान. जुळे सोलापूरचं कुटुंब आहे. आई-वडील, मुलगा, सून, नातू. परवा तुळजापूर, मग अक्कलकोट आणि पुढे लग्नसराईत पुण्याच्या खेपा. टायर झिजलेत हे त्यांना दिसतंय, म्हणून चारी नवे टाकायचेत. पैसे वाचवायचा विचार नाही, हे आधी सांगायला हवं. मुलगा खाली उतरतो, टायरवरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून घेतो आणि म्हणतो,

"अण्णा, आहे त्याच मापाचे चार द्या की."

सगळी गडबड या एका वाक्यात आहे. गाडी नवी घेतली असती तर हे वाक्य बरोबर ठरलं असतं. जुन्या गाडीवर आज जो टायर दिसतो, तो कंपनीने बसवलेला असेलच असं नाही. आधीच्या मालकाने, त्याच्या आधीच्या मालकाने किंवा गाडी विकणाऱ्याने जो हाताला लागला तो चढवलेला असू शकतो.

[दृश्य : ड्रायव्हरचं दार उघडतं. दाराआडच्या खांबावर, धुळीखाली, एक छोटा स्टिकर. मिस्त्री अंगठ्याने धूळ पुसतात.]

मिस्त्री टायरकडे बघतच नाहीत. आधी ड्रायव्हरचं दार उघडतात. दार बंद केलं की ज्या खांबाला टेकतं, तिथे बहुतेक गाड्यांना एक स्टिकर असतो. त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. या गाडीच्या स्टिकरवर आहे : १६५/८० आर१४, ८५टी.

आता टायर बघा. टायरवर आहे : १६५/६५ आर१४, ७९टी.

पहिला आकडा तोच. चौदा तेच. शेवटचं अक्षरही तेच. रिम चौदाचं आणि टायरही चौदाचा, म्हणजे तो बसतो, हवा धरतो, गाडी पळते. घरातल्या कुणाला वर्षभर संशयही आला नसता.

मधला आकडा वेगळा आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. आर म्हणजे रेडियल, ही टायरच्या आतल्या बांधणीची पद्धत. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ऐंशीच्या जागी पासष्ट आले की भिंत बुटकी होते. हिशोब केला तर मूळ टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो, गाडीवर असलेल्याचा ५७०. पाच सेंटिमीटरचा फरक. त्यातला अर्धा, म्हणजे अडीच सेंटिमीटर, गाडी जमिनीकडे खाली आली. गावातले स्पीडब्रेकर ज्यांना माहीत आहेत त्यांना या अडीच सेंटिमीटरची किंमत सांगायला नको.

स्पीडोमीटरही चुकतो. लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं आणि मीटर फेरे मोजतो. काटा शंभरवर दिसतो तेव्हा गाडी ब्याण्णवच्या आसपास असते. किलोमीटरही फुगून पडतात, त्यामुळे "अ‍ॅव्हरेज बरं देते हो गाडी" हे कौतुकही थोडं फसवंच.

पण खरी काळजी शेवटच्या दोन आकड्यांची आहे. लोक माप विचारतात, हे दोन आकडे कुणी विचारत नाही.

[दृश्य : टायरच्या भिंतीवरचे आकडे, अगदी जवळून. ७९टी. मग नव्या टायरवर ८५टी.]

याला लोड इंडेक्स म्हणतात. ८५ म्हणजे पंच्याऐंशी किलो नव्हे. तो एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. ८५ म्हणजे एक टायर योग्य हवेवर ५१५ किलो पेलू शकतो. ७९ म्हणजे ४३७ किलो. एका टायरमागे ७८ किलो कमी. एक मोठा माणूस कमी.

मुलगा हुशार आहे, तो लगेच गुणाकार करतो. "चारसे सदतीस गुणिले चार म्हणजे साडेसतराशे किलो होतंय. गाडी भरून दीड टनाच्या आसपास. मग चालतंय की!"

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. वजन चार चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. डिझेल इंजिन पुढे बसतं, मागे तिघं बसतात आणि डिकीत बॅगा जातात. वळणावर बाहेरच्या चाकांवर जास्त भार येतो, ब्रेक मारला की पुढच्या दोघांवर. खड्ड्यात चाक आपटतं त्या क्षणी त्या एका टायरवर येणारा जोर उभ्या गाडीच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक असतो. शिवाय ते ४३७ किलो पूर्ण हवा असेल तरच. हवा पाच-सहा पीएसआय (दाब मोजायचं एकक) कमी असेल तर टायरची ताकदही त्या प्रमाणात उतरते. कंपनीने ८५ लिहिताना हे सगळं धरून वर शिल्लक ठेवलेली असते. ७९चा टायर ती शिल्लक खाऊन टाकतो. गाडी रोज चालते म्हणून ते कळत नाही. ज्या दिवशी हवा कमी, माणसं भरलेली, ऊन कडक आणि रस्ता मोकळा, त्या दिवशी कळतं.

आणि ऊन कडक असण्याबद्दल सोलापूरकराला काय सांगायचं?

[दृश्य : सोलापूर-पुणे महामार्ग, दुपार. डांबरावर उष्णतेच्या लाटा. उसाची रिकामी ट्रॉली कडेने जाते.]

मे महिन्यात इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि काळं डांबर हवेपेक्षाही बरंच जास्त तापतं. पण टायरला मारणारी उष्णता बाहेरून येते त्याहून जास्त आतून येते. टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो, वर गेला की पुन्हा गोल होतो. मूळ मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये पाचशेहून जास्त फेरे घेतो. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुणं अडीचशे किलोमीटर धरलं, तर एकेक टायर सव्वा लाखाहून अधिक वेळा दबतो आणि सुटतो. तार वाकवून-सरळ करून पाहिली की हाताला गरम लागते, तसंच रबराचं होतं. भार जास्त किंवा हवा कमी असेल तर भिंत जास्त वाकते, जास्त तापते. आत स्टीलच्या तारांचे पट्टे रबरात घट्ट बसवलेले असतात. उष्णतेने ते रबर आणि पट्टे एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस "टायर अचानक फुटला" असं आपण म्हणतो. त्यात अचानक काहीच नसतं.

शेवटचं अक्षरही याच उष्णतेचं आहे. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. एस १८०, एच २१०, व्ही २४०. "आपल्याला कुठे एवढ्या जोरात जायचंय" असं म्हणून लोक ते सोडून देतात. ते अक्षर जोरात जाण्याचा परवाना देत नाही. टायर भार घेऊन यंत्रावर टप्प्याटप्प्याने किती वेगापर्यंत टिकला, म्हणजे किती उष्णता सोसू शकला, याचं ते माप आहे. म्हणून नियम सोपा : माप स्टिकरवरचं, लोड इंडेक्स आणि अक्षर स्टिकरवर आहे तेवढं किंवा त्याच्या वरचं, खालचं कधीच नाही.

आता हा ७९चा टायर गाडीवर आला कसा? हे माप छोट्या हॅचबॅक गाड्यांना येतं. तिथे ते अगदी योग्य आहे, टायरमध्ये खोट काहीच नाही. कुणाच्या तरी गाडीवरून उतरलेले चार टायर स्वस्तात मिळाले, रिमला बसले, विकताना गाडी बरी दिसली. बस एवढंच झालं असेल.

[दृश्य : डिकी. गालिचा उचलला जातो. खाली स्टेपनी.]

कधी कधी स्टिकरच नसतो. अपघातानंतर खांब पुन्हा रंगवला असेल तर गेला. तेव्हा गाडीसोबतचं पुस्तक बघायचं आणि डिकीतला गालिचा उचलायचा. जुन्या गाडीची स्टेपनी पुष्कळदा कारखान्यातून आली तशीच पडून असते, कारण तिला हात लावायची वेळच आलेली नसते. या गाडीचीही तशीच निघाली : १६५/८० आर१४, ८५टी. नक्षी कोरी करकरीत.

कुटुंबाचे चेहरे खुलतात. पाचातला एक तरी वाचला!

मिस्त्री स्टेपनी बाहेर काढतात, उलटी करतात, बॅटरीचा उजेड टाकतात. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे चढवलेल्या टायरवर ते आतल्या अंगाला गेले तर खाली वाकूनच वाचावे लागतात. इथे आहे २३१४. म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. दहा वर्षं उलटून गेली. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, कडक होतं, भिंतीवर केसासारख्या चिरा पडतात. या स्टेपनीवर त्या आहेत. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यायला सांगतात आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर काढून टाकायला. तेव्हा माप सांगायला ही स्टेपनी साक्षीदार म्हणून चालेल, रस्त्यावर घ्यायला नाही. आणि समजा वाटेत हीच चढवली असती, तर एका बाजूला ५७०चं चाक आणि दुसऱ्या बाजूला ६२०चं. ती जोडी पुढच्या चाकांना आली तर डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर, सरळ रस्त्यावरही सतत घासत राहणार.

दुकानाच्या कोपऱ्यात वडील एका टायरला हात लावून बघतायत. "हा नव्यासारखाच दिसतोय, निम्म्या किमतीत मिळंल का?"

या गोष्टीवर थोडं रेंगाळायला हवं, कारण इथे जीव जातात. नक्षीच्या खोबणीत ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, भिंतीवर तिथे टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. काही जण गुळगुळीत झालेल्या टायरला गरम पात्याने पुन्हा खोबणी पाडतात आणि वरून काळा रंग मारतात. ओळखायची खूण एकच : खोबण त्या उंचवट्यालाही कापून गेलेली असते. बोट फिरवून उंचवटा लागत नसेल तर समजा, नक्षी कारखान्यात पडलेली नाही. ट्रकच्या काही टायरवर पुन्हा खोबण पाडता येते, तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं आणि तेवढं जाड रबर दिलेलं असतं. कारच्या टायरला खोबण पाडली की पातं थेट तारांच्या जवळ जातं. वडिलांनी हात लावलेला टायर तसा नव्हता. सहा वर्षांचा होता, एवढंच. मिस्त्रींनी तो देण्याचं टाळलं.

[दृश्य : नवे टायर. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरतं.]

बाकीचं काम झटपट सांगता येतं. टायरवर आयएसआयची खूण बघायची, बिलावर माप आणि लोड इंडेक्स लिहून घ्यायचा. व्हॉल्व्ह नवे टाकायचे, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यायची. दोनच टायर परवडत असतील तर नवे दोन मागे टाकायचे, गाडीची ओढ पुढच्या चाकांना असली तरी. पहिल्या पावसात धूळ-ऑइलचा चिखल झालेल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर वेग उतरवून गाडी सावरता येते. मागची घसरली तर ती गरकन फिरते, सावरायला वेळ मिळत नाही.

हवा स्टिकरवरच्या आकड्याइतकी. टायरच्या भिंतीवर लिहिलेला मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा, आपल्या गाडीचं माप नव्हे. माणसं आणि सामान भरलं की किती भरायची, तेही बऱ्याच स्टिकरवर वेगळं दिलेलं असतं. सकाळी गाडी थंड असताना तपासायची. भर दुपारी टेंभुर्णीला पंपावर थांबून "जास्त झालीय, काढा थोडी" असं म्हणायचं नाही. चालून तापल्यावर दाब चार-पाचने चढतो, तो धरूनच स्टिकरचा आकडा ठरवलेला असतो. तेव्हा काढलेली हवा थंड झाल्यावर कमी पडते आणि कमी हवेचं काय होतं ते आपण पाहिलं.

[दृश्य : दुकानाचं मागचं दालन. टायरच्या थप्प्या. मिस्त्री मोजतात.]

८५टीचे तीनच निघाले. गोदामातून आणखी दोन उद्या येतील.

"अण्णा, तीन टाका. चौथा जुनाच राहू द्या एक दिवस. परवा तर निघायचंय," मुलगा म्हणतो.

"नाही मालक. एका जोडीत एक उंच, एक बुटका, असं करून मी गाडी सोडणार नाही. उद्या दहाला या, स्टेपनी धरून पाचही एकदम टाकून देतो."

सासूबाई सुनेला विचारतात, तुळजापूरला एक दिवस उशिरा गेलं तर चालेल का. सून फोन काढून भक्तनिवासाची खोली पुढच्या दिवसावर करते. सेडान संथ वेगाने जुळे सोलापूरकडे परत निघते. पुढच्या सीटवर मुलाच्या हातात चिठ्ठी आहे. मिस्त्रींनी तिच्यावर टायरचं माप लिहून दिलंय, त्याखाली ८५टी आणि ८५टीखाली दोन रेघा.